पॅपिलेडेमा

पॅपिलेडेमा म्हणजे कवटीच्या आतील दाब वाढल्यामुळे दृक्-बिंबाला येणारी सूज होय. दृक्-तंत्रिका (दृष्टीचा मज्जातंतू) डोळ्याच्या आत जेथे दृष्टिपटलाला मिळते, त्या जागेस दृक्-बिंब म्हणतात. ही सूज बहुधा दोन्ही डोळ्यांत असते. वेळीच उपचार न झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

कारणे

मेंदूभोवतीचा मस्तिष्क-मेरुद्रव दृक्-तंत्रिकेच्या आवरणातही पसरलेला असतो. त्यामुळे कवटीतील वाढलेला दाब थेट या तंत्रिकेपर्यंत पोहोचतो, तिच्या तंतूंमधील वहन अडते आणि बिंब सुजते. मेंदूतील गाठ, रक्तस्राव, शिरांमधील रक्ताची गुठळी, मेंदूच्या आवरणांचा दाह आणि जलशीर्ष ही प्रमुख कारणे आहेत. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके किंवा आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरील औषध यांमुळेही क्वचित दाब वाढतो. काही रुग्णांत, विशेषतः तरुण स्थूल स्त्रियांत, कोणतेच कारण सापडत नाही.

लक्षणे

डोकेदुखी, वांती, कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज आणि एकाचे दोन दिसणे ही लक्षणे आढळतात. वाकताना किंवा उठून उभे राहताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येणे ही महत्त्वाची पूर्वसूचना होय. ती अशक्तपणा समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. दृष्टिक्षेत्र प्रथम कडेने आक्रसते, मध्यवर्ती दृष्टी बराच काळ टिकते. म्हणून तक्त्यावरील अक्षरे नीट वाचता आली, तरी धोका टळला असे मानता येत नाही. काही रुग्णांची दृष्टी मात्र थोड्याच आठवड्यांत झपाट्याने जाते.

निदान

हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये तयार केलेल्या ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे बिंबाची सूज प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. सूज आढळल्यास प्रथम मेंदूचे एमआरआय किंवा सीटी स्कॅन करतात. गाठ नसल्याची खात्री झाल्यावरच कमरेतून सुई घालून द्रवाचा दाब मोजतात. अन्यथा मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. प्रौढांत 25 सेंटिमीटर पाण्याइतका किंवा त्याहून अधिक दाब वाढलेला समजतात.

उपचार

मूळ कारण दूर करणे हा मुख्य उपचार होय. कारण न सापडल्यास वजन घटविणे व अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध यांचा उपयोग होतो. दृष्टी वेगाने जात असल्यास दृक्-तंत्रिकेच्या आवरणाला छेद देतात किंवा नळी बसवून द्रव अन्यत्र वळवितात. मृत झालेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत. त्यामुळे गमावलेली दृष्टी पुष्कळदा परत मिळत नाही.

नामकरण

अज्ञात कारणाने दाब वाढण्याच्या विकाराचे वर्णन क्विंके यांनी 1893 मध्ये केले. 1955 मध्ये फोली यांनी त्यास ‘सौम्य’ हे विशेषण लावले. या विकाराने अंधत्व येते हे ध्यानात आल्यावर ते विशेषण मागे पडले.