लक्ष्मणराव किर्लोस्करांचा छंद

कामगार संघटनेच्या माणसाने कारखानदाराचे गुण गावेत, याचे अंजनगावच्या श्रोत्यांना नवल वाटेल. पण आज आम्ही लक्ष्मणरावांच्या कारखान्याविषयी फारसे बोलणार नाही. त्यांच्या छंदाविषयी बोलणार आहोत.

1869 साली बेळगावकडील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या या मुलाला चित्रकलेचे वेड होते. (संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे!) त्यापायी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि तेथे ध्यानात आले की, आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांत जन्मतःच उणीव असली म्हणजे, या दोषाच्या नेहमीच्या प्रकारात, तांबड्या-हिरव्याची गल्लत होते. अशा माणसाला झाडावरची हिरवी मिरची आणि पिकलेली मिरची झटकन निराळी काढता येत नाही. मिरचीचा आकार मात्र त्याला तुमच्याआमच्याइतकाच स्पष्ट दिसतो.

लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला, पेन्सिल ठेवली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावी भावाबरोबर सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, ती औंध संस्थानाच्या माळावर. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा योग आम्हांला मोठा गोड वाटतो.

यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही. कागदावरच्या काळ्या रेघेवरून सुतार लाकडाचा पॅटर्न करतो, तो वाळूत दाबून साचा होतो, साच्यात लोखंडाचा रस ओततात. निवताना लोखंड आकसते, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवावा लागतो. रेघ चुकली की सांधा बसत नाही, आणि बोलणी खातो तो ओतारी!

मात्र छंदाला सवड लागते. आमच्या ओळखीचा एक फिटर तान्ह्या पोळ्यासाठी सागाचे बैल कोरी. कारखान्यात बारा तासांची पाळी सुरू झाली आणि त्याचे कोरणे थांबले. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातलेली. ती पाळून घेण्यासाठी आम्हांला दोन वर्षे भांडावे लागले. पाळी आठ तासांची झाली, त्या वर्षी त्याने सात जोड्या केल्या. एक आमच्या घरी आहे. डाव्या बैलाचे चाक जरा डगमगते.