विश्लेषण : रोबोट आला, पण शस्त्रक्रियागृहातील चमूच्या प्रशिक्षणाचे काय?

रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रिया आता महानगरांतील मोजक्या रुग्णालयांपुरत्या राहिलेल्या नाहीत. रुग्णालयांच्या जाहिरातींत यंत्र दिसते आणि यंत्राशेजारी शल्यचिकित्सक. मात्र यंत्र सज्ज करणाऱ्या परिचारिका, रुग्णाशेजारी उभे राहणारे सहायक डॉक्टर, भूलतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि रुग्णाला टेबलावर नीट झोपवणारे ‘ओटी’तील मामा यांच्या प्रशिक्षणाची चर्चा क्वचितच होते. नवे तंत्रज्ञान किती सुरक्षितपणे वापरले जाईल हे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच या चमूच्या सरावावर अवलंबून असते. ते कसे, याचा आढावा.

रोबोटिक शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते?

‘रोबोटिक’ या शब्दामुळे यंत्रच शस्त्रक्रिया करते, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात यंत्र स्वतः निर्णय घेत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २००० मध्ये मान्यता दिलेली ‘दा विंची’ ही या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित प्रणाली. भारतीय बनावटीची ‘मंत्र’ प्रणालीही आता वापरात आहे. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलपुढे बसतो, पडद्यावर त्रिमितीय चित्र पाहतो आणि हाताने दिलेल्या हालचाली यंत्राच्या बाहूंना जोडलेली बारीक उपकरणे रुग्णाच्या शरीरात करतात.

इथेच मोठा फरक पडतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक टेबलाशी उभा असतो. त्याने हात पुढे केला की काय हवे आहे हे अनुभवी सिस्टरला न सांगता कळते. रोबोटिक शस्त्रक्रियेत तो दूर असतो, बोलणे माइक आणि स्पीकरमधून होते. आजवर वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत त्याला ऊतींचा स्पर्शही जाणवत नाही. म्हणजे जी माहिती पूर्वी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी मिळत होती, त्यातील बरीचशी आता दुसऱ्या कोणी तरी वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगावी लागते.

चमूला नव्याने काय शिकावे लागते?

स्क्रब सिस्टरला यंत्राच्या बाहूंवर निर्जंतुक आवरण चढवणे, कॅमेरा जुळवणे, उपकरणे बदलणे आणि प्रत्येक उपकरणाच्या उरलेल्या वापरांची नोंद ठेवणे शिकावे लागते. अनेक उपकरणे ठरावीक वेळाच वापरता येतात. निर्जंतुकीकरण विभागालाही नवे धडे घ्यावे लागतात, कारण या उपकरणांच्या बारीक पोकळीत रक्त अडकून राहिले तर संसर्गाचा धोका असतो.

रुग्णाशेजारचा सहायक रक्त शोषून घेणे, क्लिप लावणे, टाक्याचा धागा आत देणे ही कामे करतो. बाहू एकमेकांवर किंवा रुग्णाच्या अंगावर आदळत आहेत का, हे पाहण्याची जबाबदारीही मुख्यतः त्याची असते, कारण कन्सोलवरील व्यक्तीला शरीराच्या आतलेच दृश्य दिसते.

भूलतज्ज्ञापुढील प्रश्न वेगळे आहेत. प्रोस्टेटसारख्या ओटीपोटातील शस्त्रक्रियेत रुग्णाला डोके बरेच खाली करून, तिरके झोपवावे लागते आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. त्यामुळे फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर दाब वाढतो, चेहरा सुजतो, श्वासनलिकेतील नळी सरकू शकते. यंत्र जोडल्यावर रुग्णाच्या डोक्यापर्यंत किंवा हातापर्यंत पोहोचणेही अवघड होते. शिवाय बहुतेक यंत्रांत बाहू जोडलेले असताना टेबल हलवायचे नसते. हलवले तर आतली उपकरणे इजा करू शकतात. रुग्ण उतारावरून घसरू नये म्हणून त्याला कसे बांधायचे, कुठे गादी द्यायची, ही बाब म्हणूनच किरकोळ राहत नाही.

न्यूकॅसलमध्ये काय घडले?

प्रशिक्षणातील त्रुटी किती महागात पडू शकते, याचे बहुचर्चित उदाहरण ब्रिटनमधील आहे. न्यूकॅसल येथे २०१५ मध्ये रोबोटच्या साहाय्याने हृदयाच्या मायट्रल झडपेची दुरुस्ती करण्यात आली. त्या देशातील ही अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया होती. रुग्णाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. २०१८ मध्ये कॉरोनरसमोर झालेल्या चौकशीत अनेक बाबी पुढे आल्या. टाके नीट बसले नव्हते, कॅमेऱ्यावर रक्त उडाल्याने दृश्य अडले, स्पीकरमधून येणाऱ्या आवाजामुळे एकमेकांचे बोलणे नीट समजत नव्हते आणि मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया पूर्ण होण्याआधीच निघून गेले होते. शल्यचिकित्सकाने प्रत्यक्ष मार्गदर्शनाखाली पुरेसा सराव केला नव्हता, हेही समोर आले. मृत्यूला रोबोटचा वापर अंशतः कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष कॉरोनरने नोंदवला. अशा नव्या तंत्रज्ञानासाठी प्रशिक्षणाचा निश्चित मापदंडच नसल्याकडेही लक्ष वेधले गेले.

यातील यंत्राचा बिघाड म्हणावा असा भाग थोडाच. ऐकू न येणे, मार्गदर्शक गेल्याचे वेळेत न कळणे, पारंपरिक पद्धतीकडे कधी वळायचे हे आधी न ठरवणे, हे सारे चमूच्या तयारीशी निगडित होते.

१६ रुग्णालयांच्या अभ्यासात काय आढळले?

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात आजही दाखला म्हणून दिला जातो. अमेरिकेतील १६ रुग्णालयांनी छातीचे हाड न कापता, बरगड्यांमधील लहान छेदातून हृदय शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र त्या वेळी नव्याने स्वीकारले होते. त्यात महारोहिणी बाहेरून चिमट्याने बंद करण्याऐवजी मांडीतील धमनीतून आत सोडलेल्या फुग्याने बंद केली जाई. फुगा जागेवर आहे की सरकला, हे शल्यचिकित्सकाला दिसत नसे. ते भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर पाही आणि हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा तंत्रज्ञ दाबावरून ताडत असे.

सर्व चमूंना सुरुवातीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण सारखेच मिळाले होते. तरीही काही चमू झपाट्याने शिकले, काही रखडले. रुग्णालयाचे नाव मोठे असणे किंवा शल्यचिकित्सकाचा अनुभव दांडगा असणे, यावरून हा फरक समजावता येत नव्हता. चमूतील माणसे विचारपूर्वक निवडून सुरुवातीच्या शस्त्रक्रियांसाठी तीच कायम ठेवणे, रुग्ण येण्याआधी कोरडी तालीम करणे, प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर चर्चा करणे आणि परिचारिकेलाही ‘थांबा, इथे काही तरी चुकते आहे’ असे न घाबरता म्हणता येणे, या गोष्टी निर्णायक ठरल्या. शल्यचिकित्सकाने हे ‘माझे नवे कौशल्य’ न मानता ‘आपले नवे काम’ मानले, तिथे शिकणे वेगाने झाले.

सध्या प्रशिक्षण कसे दिले जाते?

सर्वसाधारणपणे आधी ऑनलाइन धडे, मग यंत्रावर प्रात्यक्षिक, शल्यचिकित्सकांसाठी सिम्युलेटरवरील सराव, अनुभवी केंद्रात निरीक्षण आणि शेवटी तज्ज्ञ मार्गदर्शकाच्या उपस्थितीत पहिल्या काही शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. यातील बराच भाग यंत्र विकणारी कंपनी पुरवते. एफडीए उपकरणाला मान्यता देते, डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर देखरेख करत नाही. त्यामुळे कोणाला परवानगी द्यायची, हा निर्णय शेवटी रुग्णालयाचाच असतो. वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ईसीआरआय’ या अमेरिकी संस्थेने २०१५ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत ‘अपुऱ्या प्रशिक्षणामुळे रोबोटिक शस्त्रक्रियेत होणारी गुंतागुंत’ याचा समावेश केला होता.

या क्रमात मागे पडतो तो आणीबाणीचा सराव. अचानक रक्तस्राव सुरू झाला किंवा हृदय बंद पडले, तर उपकरणांची पकड सोडवून ती बाहेर काढणे, बाहू वेगळे करणे आणि यंत्र मागे घेणे हे सर्व तातडीने करावे लागते. त्यानंतरच छाती दाबता येते किंवा पोट उघडता येते. आज्ञा कोण देणार, उपकरणे कोण काढणार, यंत्र कोण ढकलणार, उघड्या शस्त्रक्रियेचा ट्रे कुठे ठेवलेला असेल, हे प्रत्येकाला तोंडपाठ असावे लागते. दुसऱ्या शहरातील प्रशिक्षण केंद्रात हे शिकून भागत नाही. दारे, वायरी आणि टेबलाची जागा प्रत्येक शस्त्रक्रियागृहात वेगळी असल्याने तालीम आपल्याच ठिकाणी करावी लागते.

एकत्रित सरावाने खरोखर जीव वाचतात का?

रोबोटपुरता नव्हे, तर एकूण शस्त्रक्रियांचा एक मोठा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयांत वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या धर्तीवर शस्त्रक्रियागृहातील संपूर्ण चमूला एकत्र प्रशिक्षण देण्यात आले. त्यात शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची चर्चा, तपासणी यादी आणि शंका बोलून दाखवण्याचा सराव होता. २०१० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, तर प्रशिक्षण न झालेल्या ३४ रुग्णालयांत ही घट ७ टक्के होती.

भारतात अडचण कुठे आहे?

शस्त्रक्रियागृहातील परिचर्येसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आहे. ओटी तंत्रज्ञांसारख्या व्यावसायिकांचे शिक्षण आणि नोंदणी २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या कक्षेत आली आहे. मात्र विशिष्ट यंत्रावरील प्रावीण्य हा वेगळा विषय आहे. प्रशिक्षित सिस्टर दुसऱ्या रुग्णालयात किंवा परदेशात जाते, ड्युटी बदलली की ओळखीचा चमू मोडतो आणि नव्या माणसाला ‘बघून शिक’ एवढेच सांगितले जाते. यंत्रासाठी कोट्यवधी रुपयांची तरतूद होते. पण शस्त्रक्रियागृह अर्धा दिवस बंद ठेवून तालीम करायची, तर तो उत्पन्नाचा तोटा वाटतो. शिवाय, ज्येष्ठ डॉक्टरांना टोकण्याची सवय आपल्याकडे कनिष्ठ कर्मचाऱ्यांना नसते.

रुग्णांनी काय विचारावे?

अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारता येतात : तुमचा चमू या यंत्रावर नियमितपणे एकत्र काम करतो का? मध्येच उघडी शस्त्रक्रिया करावी लागली तर त्याची तयारी काय आहे? माझ्या बाबतीत नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोटचा नेमका फायदा काय? यंत्र किती नवे आहे, यापेक्षा या उत्तरांतून रुग्णाला अधिक कळेल.