घरच्या कीर्तनात शब्द स्पष्ट यावा म्हणून

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली की देवपुरात पांझरेच्या काठी श्री एकवीरादेवीच्या दर्शनास खानदेशातील कुळेच्या कुळे येऊ लागतात. ज्यांचे पाय चालतात ते मंदिरात येऊन कथाकीर्तनही ऐकतात. परंतु पुष्कळ घरी एखादी आजी, एखादे आजोबा असे असतात की ज्यांना उंबरठा ओलांडणेही कठीण. नवविधा भक्तीतील पहिली जी श्रवणभक्ती, ती त्यांना आता दिवाणखान्यातच साधावी लागते. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ते टी.व्ही.च्या लहानशा स्पीकरातून ऐकले जाई. आज अनेक घरी पाच-सहा स्पीकरांचे ‘होम थिएटर’ आले आहे, आणि विजयादशमीच्या मुहूर्तावर आणखी कित्येक घरी ते येईल. तरीही वृद्धांची तक्रार कानी येते, ‘आवाज मोठा आहे, पण बुवा काय म्हणतात ते कळत नाही.’ या तक्रारीचे मूळ बहुधा मधल्या स्पीकरात असते. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

नारदीय कीर्तनाची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. मध्यभागी कीर्तनकार उभा, बाजूस पेटी आणि तबला, मागे टाळकरी. अर्थ मधून येतो, साथ बाजूंनी येते. होम थिएटरची रचना अगदी हीच होय. चित्रपटातील किंवा मालिकेतील संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरातून, संगीत डाव्या-उजव्यातून आणि भोवतालचे ध्वनी मागच्यांतून येतात. ही कल्पनाही जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविले, तेव्हा त्यांनी तीन ध्वनिक्षेपक आणि तीन ध्वनिवर्धक योजिले होते. मधले स्थान तेव्हाही रिकामे ठेवलेले नव्हते.

आता वर्णांचा विचार करू. बोलण्यातील मोठेपणा स्वरांत असतो. परंतु शब्दाशब्दांतील भेद पुष्कळ अंशी व्यंजने दाखवितात, आणि त्यांतील क, ट, प यांसारखे कठोर वर्ण व श, ष, स हे ऊष्म वर्ण फार क्षीण असतात. ‘सकाम’ या शब्दातील ‘स्’ कानी पडला नाही तर ‘अकाम’ ऐकू येते, आणि निरूपणाचा अर्थच उलटतो! हे बारीक ध्वनी दोन हजार हर्ट्झच्या वर अधिक असतात, आणि वार्धक्यात कानाची शक्ती प्रथम तेथेच उणावते.

बाजारात मिळणाऱ्या मधल्या स्पीकरांची सर्वांत प्रचलित घडण म्हणजे एक आडवी पेटी, दोहों बाजूंस दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर. टी.व्ही.खाली ती शोभते. परंतु तिच्यात एक दोष आहे. दोन वूफरांच्या मध्यबिंदूंत ३६ सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. अगदी समोर बसणाऱ्यास दोघांचा आवाज एकाच वेळी पोचतो. मात्र ३० अंश बाजूस बसणाऱ्यास एक वूफर दुसऱ्याहून १८ सेंटिमीटर दूर पडतो. सुमारे ९५० हर्ट्झच्या ध्वनीची अर्धी लांबी तेवढीच असल्याने एकाची भरती दुसऱ्याच्या ओहोटीस मिळते आणि तो ध्वनी बराचसा मावळतो. दोन टाळकऱ्यांचा ताल जुळू नये तसे हे होते. हा भाग मनुष्यवाणीच्याच कक्षेतील आहे. कोपऱ्यातील आरामखुर्चीवर बसलेल्या आजीबाईंस शब्द कळत नाही तो यामुळे, आणि आवाज वाढविल्याने ती उणीव भरून निघत नाही.

यावर उपाय तीन. पहिला व उत्तम उपाय हा, की डावा, उजवा आणि मधला हे तिन्ही स्पीकर एकाच जातीचे, उभे घ्यावेत. वाणी एका बाजूकडून दुसरीकडे गेली तरी तिचा पोत बदलत नाही. दुसरा, उंचीला जागा नसेल तर ज्या आडव्या पेटीत ट्वीटरच्या खाली वा वर मध्यम स्वरांचा वेगळा लहान स्पीकर असतो ती निवडावी. तिसरा, ज्यात ट्वीटर वूफरच्या केंद्रातच बसविलेला असतो असा एकच स्पीकर घ्यावा. घरात श्रोते एक-दोनच असतील आणि ते मध्यभागीच बसत असतील, तर मधल्या स्पीकरावाचूनही चालते; डावा-उजवा मिळून मध्यभागी वाणीचा भास निर्माण करतात. मात्र श्रोता बाजूस सरकला की तो भासही सरकतो.

पेटी कपाटाच्या पोटात कोंडू नये. फळीच्या कडेशी आणून तिचे तोंड श्रोत्यांच्या कानांकडे किंचित वळवावे. पुष्कळ कीर्तनांचे मुद्रण दोनच वाहिन्यांचे असते. तेव्हा यंत्रावर मधला स्पीकर बोलता करणारी योजना चालू आहे ना, हेही पाहावे. दुकानात आपल्या परिचयाचे निरूपण लावण्यास सांगावे आणि ते ऐकताना समोरची जागा सोडून बाजूस जाऊन बसावे. तेथेही प्रत्येक अक्षर सुटे आले तरच पैसे मोजावेत.

शब्द स्पष्ट असला की आवाज लहान ठेवता येतो. २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळणे हाही शेजारधर्मच होय. घरातील सर्वांत दूर बसलेल्या वृद्ध श्रोत्यास नामाचे अक्षर न् अक्षर पोचावे, हीच या खरेदीची खरी कसोटी. श्री एकवीरामाता सर्व गृहांत अशी निर्मळ वाणी नांदवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.