रात्रीचा गेम आणि डोळ्यांची चुरचुर
संगणकशास्त्र शिकणारा मुलगा सुट्टीत लोणारला येतो आणि रात्र रात्र गेम तयार करीत बसतो. एक ओळ दुरुस्त केली, की तपासायला पुन्हा खेळायचे! आईला वाटते, व्यसनच लागले. तसे लगेच म्हणू नये. ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसूनही न थांबणे आणि हे साधारण १२ महिने चालणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतले.

डोळ्यांकडे मात्र आजच पाहावे. टक लावल्याने पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे. संध्याकाळी विवराच्या काठावरून पलीकडची कड न्याहाळावी. अंतर सुमारे १.८ किलोमीटर. वसतिगृहात नजरेला एवढा विसावा कोठून? तरीही डोळे लाल राहिले, तर मनाने थेंब न घालता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.