शिफ्ट झालीस का?

एक टाइमपास सांगते. उद्या ऑफिसात कॉफीच्या मगाशेजारी एक कोरा कागद ठेवा आणि ‘शिफ्ट’ हा शब्द कानावर पडला की त्यावर एक रेघ मारा. ‘या आठवड्यात तुझी कुठली शिफ्ट?’ एक रेघ. ‘चारची मीटिंग साडेपाचला शिफ्ट झालीय.’ दुसरी. ‘ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये शिफ्ट कर ना, प्लीज.’ तिसरी. ‘अगं, ते दोघं बाणेरला शिफ्ट झाले, टू बीएचके घेतलाय म्हणे!’ चौथी... आणि सोबत एक उसासा. लंचपर्यंत पाच-पाचच्या जुड्या पडायला लागतील, पैज लावते!

मी मूळची औशाची. लातूरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर भुईकोट किल्ला असलेलं तालुक्याचं गाव येतं, ते आमचं. गेली पंधरा वर्षं पुण्यात आहे, नोकरी हिंजवडीत. गावाकडून फोन आला की आधी पाऊसपाण्याची चौकशी होते, मग सोयाबीनच्या भावाची. आणि मग न चुकता, ‘आई-अण्णांला कवा शिफ्ट करूलालीस पुण्याला?’ म्हणजे या शब्दाने औशातसुद्धा माझा पिच्छा सोडलेला नाही.

शब्द आपण घेतला खरा, पण त्याला घरातलं मानलं का? नाही बुवा. अरबीतून ‘बदल’ आला, त्याला आपण सरळ ‘णे’ लावून ‘बदलणे’ केलं आणि तो परका होता हे विसरूनही गेलो. इंग्रजी क्रियापदाला मात्र आपण एकट्याने फिरू देत नाही. बरोबर ‘करणे’ नाहीतर ‘होणे’ हवंच. ‘मी शिफ्टते’ असं म्हणून बघा, कॅन्टीनमध्ये हशा पिकेल. पण या सोबत्यांमध्येच सगळी गंमत आहे. ‘शिफ्ट झाले’ म्हटलं की माणूस आपल्या पायाने गेला. ‘शिफ्ट केलं’ म्हटलं की त्याला कुणीतरी नेलं. गावाकडचा प्रश्न पुन्हा वाचा. तो ‘शिफ्ट करूलालीस’ असा आहे. आई-अण्णांना कुणी विचारलंय का, हा मुद्दा त्या वाक्यात येतच नाही.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ हलवणं नव्हताच, हे वाचून मी चाट पडले होते. तेव्हा अर्थ होता वाटणी करणं, नीट लावून देणं. जागा बदलणं, कपडे बदलणं हे अर्थ पुढे आले. बायकांच्या आतल्या झग्यालाही इंग्रजीत एकेकाळी ‘शिफ्ट’ म्हणत, कारण तो बदलायचा असे. वाटणीचा तो मूळ अर्थ आठवला की आपला जुना शब्द किती चपखल होता ते कळतं. पाळी! शेताला कालव्याचं पाणी मिळतं ते पाळीने. गिरणीत पहिली, दुसरी, तिसरी पाळी. गिरणगावात एकेका खोलीत इतके जण राहत की पहिल्या पाळीचा उठून कामावर गेला की त्याच पथारीवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. जागेचीसुद्धा वाटणीच.

मग आपण ‘पाळी’ सोडून ‘शिफ्ट’ का धरली? ऑफिसात एखादी मुलगी चारचौघांत ‘आज माझी पाळी आहे’ असं म्हणणार आहे का? नाही ना! ‘रात्रपाळी’ अजून चालते, पण नुसती ‘पाळी’ दुसऱ्याच कामात इतकी गुंतली की तिची नोकरी ‘शिफ्ट’ला मिळाली. भाषातज्ज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, माझं मत हेच.

रात्रीच्या शिफ्टचं नाव काढलंच आहे तर मैत्रिणींसाठी एक कामाची गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करायला बाईची स्वतःची संमती लागते. तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय कंपनीने करायची असते. म्हणजे ‘तुला नाईटला शिफ्ट केलंय’ या वाक्यातलं ‘केलंय’ कायद्यालाच मंजूर नाही.

कीबोर्डवरच्या शिफ्टबद्दलही थोडं सांगू द्या, मला ती फार आवडते. १८७८ मध्ये रेमिंग्टनच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये ती आली. आधीच्या यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखर जागचा हलायचा, म्हणून हे नाव. आता इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करून पाहा. ‘क’च्या बटणावर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’चा ‘घ’, ‘त’चा ‘थ’, ‘प’चा ‘फ’. म्हणजे श्वास जरा जोरात सोडायचा असेल तर शिफ्ट! आणि ‘ल’वर दाबली की आपला लाडका ‘ळ’. औशाच्या टायपिंगच्या क्लासात मिनिटाला तीस शब्दांसाठी घासलेली माझी डावी करंगळी आजही आपोआप तिकडेच जाते.

चांगली शिफ्ट, वाईट शिफ्ट

तालुक्याच्या गावात वाढलेल्यांना या शब्दाची एक भीतीही माहीत असते. ‘पेशंटला लातूरला शिफ्ट केलंय.’ हे ऐकलं की घरातला टीव्ही बंद होतो. ‘लातूरहून सोलापूरला शिफ्ट करायलेत’ म्हटलं की पैशांची जुळवाजुळव सुरू. आणि हैदराबाद किंवा पुणे म्हटलं की बायका देवापुढे बसतात. गाव जितकं मोठं, तितका आजार मोठा. तब्येतीचं सारं गणित गावांच्या नावांवरून. पण त्यानंतर चार दिवसांनी दवाखान्याच्या जिन्यातून फोन येतो, ‘आयसीयूतून वॉर्डात शिफ्ट केलं!’ आमच्या घरी या वाक्यावर पेढे आणलेले मला आठवतात. क्रियापद तेच, दिशा तेवढी उलटी.

औशाला आणखी एक शब्द आहे, तो पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. अपडाऊन! लातूर इतकं जवळ की मास्तर, बँकवाले, कॉलेजची पोरं सगळे ‘अपडाऊन करतात’. औशात बदली झालेला माणूस क्वचितच औशाला येऊन राहतो. म्हणून नव्या माणसाला विचारतात, ‘शिफ्ट झालात का अपडाऊन?’ या एका प्रश्नात त्याची सगळी परीक्षा असते. शिफ्ट झाला म्हणजे तो आपला. इथला दूधवाला लावणार, इथल्या गणपतीला वर्गणी देणार. अपडाऊनवाल्याला चहा मिळतो, पण लग्नपत्रिका नाही. आणि ‘लातूर पॅटर्न’च्या नादात अकरावी-बारावीसाठी लांबलांबच्या गावांतून लातूरला येणाऱ्या पोरांबरोबर आयाही शिफ्ट होतात, हे तर तुम्हाला ठाऊकच असेल. दहा बाय दहाची खोली, गॅसची शेगडी, पोराचा डबा. दोन वर्षं नवरा गावात, बायको लातूरला. त्या बाईला कुणी ‘नोकरी काय करता?’ असं विचारत नाही. ती फुलटाइम शिफ्टवरच असते की!

लग्नाचंही तसंच. आमच्या आज्या ‘नांदायला’ गेल्या. त्या शब्दात सासर होतं, माणसं होती, निभावून नेणं होतं. माझ्या मैत्रिणी लग्नानंतर ‘पुण्याला शिफ्ट झाल्या’. कुणाच्या घरी गेल्या ते त्या शब्दात नाही, नुसतं गाव आहे. माझ्या मते ही सुधारणा आहे. नांदायला गेलेलीला परत यायचं तर चर्चा व्हायची, शिफ्ट झालेली पुन्हा शिफ्ट होऊ शकते.

गाव शिफ्ट होतं तेव्हा

पण हा शब्द मला खरा कळला तो किल्लारीमुळे. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून लोक उशिरा घरी येऊन झोपलेले. मी तेव्हा पहिलीत होते. औशातही भांडी पडली, भिंतींना तडे गेले, पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. किल्लारी आणि आसपासच्या गावांत, आमच्या लातूर आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ६.२ रिश्टरच्या आसपासचा धक्का, जगाच्या हिशेबात काही फार मोठा नाही. पण आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. सरकारी कागदावर ‘पुनर्वसन’, लोकांच्या तोंडी ‘गाव शिफ्ट झालं’. माझी मावशी त्यातलीच. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, मग नवं घर. घराचा आकार जमिनीवरून ठरलेला. भूमिहीन आणि थोड्या जमिनीवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांहून जास्त असणाऱ्याला ७५०. सारख्या आकाराची घरं एका रांगेत. त्यामुळे मावशीची धाकटी जाऊ, जिच्याकडे ती उंबऱ्यातून हाक मारून विरजण मागायची, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. रस्ते रुंद, सरळ, शहरातल्या कॉलनीसारखे. मावशी म्हणायची, ‘रस्ता इतका मोठा की पलीकडची काय बोलती ते ऐकू येत नाही.’

घरं मजबूत होती, यात वाद नाही. तिथे निर्धास्त झोप लागते, हेही तीच सांगते. पण तीस वर्षं उलटली तरी शेताकडे, जुन्या पडक्या जागेकडे निघाली की ती म्हणते, ‘गावात जाऊन येते.’ आणि संध्याकाळी परतताना, ‘चला, घरला.’ तिच्यासाठी घर तेवढं शिफ्ट झालंय. गाव जिथल्या तिथे आहे.

उलटंही होतं बरं का. जागचं न हलता शिफ्ट होता येतं आणि त्यात औशाचा हात धरणारा कोण? १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मग भारतातल्या हैदराबाद राज्यात. १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा उस्मानाबाद होता, तो १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर झाला. एवढ्या शिफ्टिंगमध्ये एकाही औसेकराने ट्रंक उचलली नाही! माझे आजोबा शेवटपर्यंत बदलीला ‘तबादला’ म्हणत. ते शाळेत उर्दूतून शिकलेले.

तर, आई-अण्णांचा प्रश्न. आई तयार आहे. तिला गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी आणि नातीचा सहवास हवा. अण्णांची तीन एकर सोयाबीन, किल्ल्याकडचा सकाळचा फेरफटका आणि पारावरची मंडळी आहेत. मागच्या दिवाळीत मी विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘शिफ्ट सामान करतेत, बाई. मी मुक्कामाला यीन.’ मुक्काम! किती सोपा मार्ग आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मुक्कामाला आलेला माणूस पाहुणा असतो, त्याचा मान असतो आणि परतीचं तिकीट त्याच्या खिशात असतं.

आता तसंच ठरलंय. थंडीतले दोन महिने दोघं पुण्यात. पेरणीच्या आधी अण्णा परत जाणार, आई हवं तर राहणार. रेशनकार्डावरचं नाव हलवायचं नाही, ही अण्णांची अट. नव्या जागी नाव चढवायचं तर जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि ‘कमी केल्याचा’ हा शब्दच त्यांना सहन होत नाही. मतदारयादीचंही तसंच. पत्ता बदलायला निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरायचा असतो, घरबसल्या ऑनलाइनही भरता येतो. अण्णांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून नीट वाचला आणि मला विचारलं, ‘तुझा भरलास का?’

पंधरा वर्षं झाली. माझं नाव अजून औशाच्याच यादीत आहे.