जुनी टपाल तिकिटे : इतिहासाचे एक साधन

इतिहास केवळ पाठ्यपुस्तकात नसतो. गावातील जुन्या दप्तरातही तो असतो. टपाल तिकिटे ही त्याची एक सुलभ खूण होय.

आजचा जालना जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. तथापि हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र असून त्याची पहिली तिकिटे १८६९ मध्ये निघाली. ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. पुण्या-मुंबईकडे पत्र धाडावयाचे तर ब्रिटिश सरकारचे, राणीचे अथवा राजाचे मुखचित्र असलेले तिकीट लावावे लागे. एकाच घरच्या दोन पत्रांवर दोन सत्तांच्या खुणा दिसल्या, म्हणजे संस्थानी प्रजेवरील दुहेरी अंमल मुलांना सहज उमगतो. १९३१ च्या मालिकेत चारमिनारबरोबर अजिंठा व दौलताबाद यांनाही स्थान मिळाले. १९५० मध्ये हे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

असा लिफाफा आढळल्यास त्यावरील तिकीट फाडून वा भिजवून काढू नये. टपालाच्या शिक्क्यावर गाव व तारीख असते. तिकीट सुटले की तो पुरावा नष्ट होतो. मूळ लिफाफा घरमालकाकडेच असू द्यावा. शिक्षकांनी त्याचे छायाचित्र वर्गात लावून खाली गाव, वर्ष व लिपी यांची नोंद करावी, आणि मुलांना विचारावे : हे पत्र कोणाच्या राज्यातून कोणाच्या राज्यात गेले? उत्तर शोधताना मुले आपल्याच गावचा इतिहास वाचू लागतील.