९.८१ आणायचा हट्ट सोडा

साध्या लंबकावरून जी काढायचं प्रॅक्टिकल. जर्नलं उघडली की बहुतेकांचं उत्तर बरोब्बर ९.८१! गंमत म्हणजे मुंबईत जी साधारण ९.७९ आहे. म्हणजे ९.८१ हे पुस्तकातलं उत्तर, तुमच्या लंबकाचं नव्हे.

स्टॉपवॉच दाबताना हात ०.२ सेकंद मागेपुढे होतो असं धरू. एक मीटर लंबकाचा दोलनकाळ सुमारे २ सेकंद. एकच दोलन मोजलं तर चूक १० टक्के, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे जी मध्ये ती दुप्पट. सलग २० दोलनं मोजली की जी मधली चूक १ टक्क्यावर येते. म्हणून ९.८ ± ०.१ असं लिहा, कॅलक्युलेटरने ९.७८३२४ दाखवलं तरी.

दुसरी चूक जास्त चिवट. लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत घ्यायची, पण कित्येक जण गोळा सुरू होतो तिथपर्यंतच मोजतात. त्रिज्या १ सेंमी असेल तर जी १ टक्क्याने कमी येतो, मग शंभर रीडिंगं घ्या, फरक पडत नाही. इथे आलेख कामाला येतो. लांबी बदलत जा, दोलनकाळाचा वर्ग लांबीसमोर मांडा. रेषा शून्यातून जाणार नाही. पट्टी सरकवून ती शून्यातून नेऊ नका! उतारावरून जी ठीकच निघतो, आणि रेषा लांबीच्या अक्षाला वजा १ सेंमीवर छेदते, तीच तुमची राहिलेली त्रिज्या.

रीडिंग पेन्सिलने लिहून खोडत बसलात तर हे दिसणारच नाही. पेनने लिहा, चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी कारण.